बसल्याचे पैसे

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळा संपली. आता तर अक्षरही बिघडलंय. लाटण्याने उजव्या मनगटात कायमची कळ धरली आहे, त्यामुळे ओळी उतारावर घसरल्यासारख्या खाली जातात. ही वही कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर त्याने मला माफ करावं. लिहिण्यातल्या चुकांपुरतंच. जे केलं त्याची माफी मी मागत नाही.

दुपारचे दोन वाजलेत. मी पलंगावर पाय वर करून, उशीला टेकून लिहिते आहे. या वेळेला मी आता रोज आडवी असते. विश्रांतीने मन शांत होतं असं म्हणतात. माझं तसं नाही. मी पडते ना, तेव्हा मला एक चेहरा दिसतो आणि तो बघत बघत मला झोप लागते. छान लागते.

तो चेहरा माझ्या नणंदेचा.

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आलो ते तिच्यामुळे. भावाच्या ग्रीन कार्डासाठी तिने अर्ज केला आणि आमचा नंबर लागेपर्यंत इतकी वर्षं गेली की माझी मुलगी लग्न होऊन सासरी गेली. तिला आणता आलं नाही. आम्ही दोघंच आलो. नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा लहान, म्हणून ती मला वहिनी म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला वन्सं म्हणते. आमच्या दोघींच्या तोंडून कधी एकमेकींबद्दल वाकडा शब्द निघाला नाही. जे झालं ते सगळं गोड बोलून झालं.

वन्संचं पोळी-भाजीचं दुकान आहे. एका बाजूला डोनटवाला, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याच्या मशिनी, पुढे भलंमोठं पार्किंग. घरी पोळ्या लाटून विकता विकता तिने हे उभं केलं, एकटीने. ते खोटं नाही. पहाटे पाचला उठते, उभ्याने जेवते, गाडी चालवताना ऑर्डरी घेते. मी कधी दुपारी डोळा मिटला नाही, असं ती अभिमानाने सांगते. मी आले तेव्हा तिने मला पोळ्यांना उभं केलं आणि माझ्या नवऱ्याला डबे पोचवायला गाडी दिली. तासाप्रमाणे पैसे, दर शुक्रवारी पाकिटात.

सकाळी सहाला मी कणीक मळायला घ्यायची. साडेअकरापर्यंत तीनशे पोळ्या व्हायच्या. मग भाज्या, मग डबे भरणं, मग संध्याकाळच्या दोनशे. मध्ये दीड-दोनला गर्दी ओसरायची. स्वयंपाकघरात एक स्टूल होतं, त्यावर मी टेकायची. झोपायची नाही. नुसती टेकायची. माझी आई लग्नाकार्यात स्वयंपाकाला जायची. पहिली पंगत उठली की ती कोठीघरात पदर अंथरून पडायची, यजमानीण आली तरी उठायची नाही. म्हणायची, हाताला थांबू दिलं नाही तर चव हातातून जाते.

एका शुक्रवारी पाकिटात पैशांबरोबर एक पिवळी चिठ्ठी होती. वन्संचं अक्षर मोत्यासारखं आहे. ‘बसणे, ४० मिनिटे.’ तेवढे पैसे कमी होते. मला वाटलं, काहीतरी समजायचं राहिलं. घरी नवऱ्याला दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, इथे तासावर असतं गं, काम केलं तेवढेच. मग मला कळलं की छताच्या कोपऱ्यातला तो काळा गोळा चोरांसाठी नव्हता. वन्सं कुठेही असली तरी फोनवर आम्हाला बघत असे. म्हणजे मला बघत असे, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात स्टूल गेलं. अडचण होते म्हणे. मी दह्याची मोठी रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर टेकायला लागले. चिठ्ठ्या येत राहिल्या. ३५ मिनिटे. ५० मिनिटे. एका आठवड्यात मी मुद्दाम एकदाही बसले नाही, तर पाकिटात चिठ्ठी नव्हती, पण शनिवारी मला चपला घालता येईनात इतके पाय सुजले.

आमच्याकडे डबा न्यायला एक डॉक्टर काकू यायच्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी काउंटरवरून वाकून माझे पाय पाहिले आणि म्हणाल्या, बाई, याला औषध नाही, दुपारी अर्धा तास पाय वर करून पड. वन्सं हसून म्हणाली, “काकू, अहो अमेरिकेत कोण पडतं दुपारी? इथे घोडेसुद्धा उभ्याने झोपतात.” काकू म्हणाल्या, घोडे सगळीकडेच उभ्याने झोपतात. ते मला फार आवडलं. पण त्या डबा घेऊन गेल्या आणि मी परत पोळपाटाकडे वळले.

मग इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ वाटताना, पंधरा-वीस बायकांत वन्संने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “आमच्या वहिनींना बसायचासुद्धा पगार लागतो.” सगळ्या हसल्या. मीही हसले. बाकी सगळं एक वेळ विसरेन, पण मी हसले ते विसरत नाही. तोंडात तिळगूळ होता.

चिठ्ठ्या मी टाकून दिल्या नाहीत. का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. बिस्किटांचा एक निळा गोल डबा होता, त्यात ठेवत गेले.

माझी आई गेली ती बातमी दुकानातच आली. दुपारचे दोन वाजून गेले होते, तिकडे मध्यरात्र उलटली होती. मुलीचा फोन होता. मी मागच्या दाराशी बादलीवर बसले. रडले नाही. समोर डोनटवाल्याचा कचऱ्याचा डबा होता, त्यावर एक काळा पक्षी बसला होता, तो उडाला, परत आला. माझे हात पिठाचे होते, ते वाळून तडकले, एवढं आठवतं. मग उठून संध्याकाळच्या पोळ्या केल्या, कारण डबे जायचे होते.

वन्सं संध्याकाळी घरी आली. मला मिठी मारून माझ्यापेक्षा जास्त रडली. आईच्या हातचे अनारसे तिने लहानपणी खाल्ले होते, त्याची आठवण काढली. येताना वरण-भात आणला होता. मला वाटलं, माणूस म्हणून ही बरी आहे.

शुक्रवारी पाकिटात चिठ्ठी होती. ‘बसणे, ५५ मिनिटे.’

ती वाचली तेव्हा मला राग आला नाही. राग यायचा तो आधीच येऊन गेला होता. मला एकदम बरं वाटलं. अंधारात चाचपडताना भिंत हाताला लागावी तसं. आता मला माहीत होतं की मी काय करणार. कसं ते माहीत नव्हतं, पण करणार हे पक्कं होतं. आणि मला घाई नव्हती. घाई वन्संला असते.

दीड वर्ष वाट पाहिली.

भिंतीवर कालनिर्णयासारखी जी दिनदर्शिका आम्ही गावाहून मागवतो, तिच्यात मी अधिक महिना पाहून ठेवला होता. सूर्याबरोबर धावता धावता आपले महिने मागे पडतात, म्हणून तीन वर्षांतून एकदा एक महिना जास्तीचा घालतात, असं आई सांगायची. त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, नवी कामं नाहीत. वर्षानेच थोडं टेकायचं. पण जावयाचा मान असतो. त्याला वाणात तेहतीस अनारसे द्यायचे. आणि वन्संच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. हा तिच्या जावयाचा पहिला अधिक महिना.

अनारसा वन्संला येत नाही. इथे आसपास कुणालाच येत नाही. मला येतो.

तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे. तेवढाच गूळ घालून, तूप लावून पीठ मळायचं आणि डब्यात दाबून ठेवून द्यायचं. मग त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. निदान पाच-सहा दिवस. ते पडून राहतं, मुरतं, आणि सगळं काम त्या पडून राहण्यात होतं. पीठ मुरलेलं नसेल तर अनारसा तुपात सोडताच फुटून कढईभर विरतो. त्याला अनारसा हसला म्हणतात.

अधिक महिना लागायच्या आधीच मी घरी तीन किलो तांदूळ भिजत घातले. नवऱ्याने बाथटबमधलं पातेलं पाहून विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, जावयासाठी. त्याला वाटलं आपल्या. म्हणाला, अगं, पोस्टाने पोचेपर्यंत त्याचं काय होईल? मी तांदळाचं पाणी बदललं. पीठ दोन स्टीलच्या डब्यांत भरलं आणि कपाटात, त्याच्या स्वेटरांमागे ठेवलं.

मला वन्संची रीत माहीत होती. तिला सगळं शेवटच्या घटकेला सुचतं आणि सुचलं की दुसऱ्या दिवशी हवं असतं. झालंही तसंच. महिन्याचा तिसरा आठवडा, मंगळवार. ती धावतपळत आली. शनिवारी चँडलरहून मुलगी, जावई, विहीण-व्याही येणार. जावयाला अनारसे हवेत. आणि आपण करतोच आहोत तर मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, पाच घरांच्या ऑर्डरी आल्यासुद्धा. शनिवारी चारला लोक न्यायला येणार. सहा वाणं, दोनशेला दोन कमी.

मी एकदा सांगितलं. देवाला साक्ष ठेवून लिहिते, सांगितलं. म्हटलं, वन्सं, पीठ मुरावं लागतं, आठ-दहा दिवस हवेत. तिने पिशवीतून तांदळाच्या तयार पिठाची पाकिटं काढली, किराणा दुकानातून आणलेली, कोरडी ठणठणीत.

“भिजवा, दळा, कोण करत बसतं आता? यात गूळ घाला आणि एक रात्र ठेवा.”

“नाही जमायचं त्यात.”

“आता पिठालाही बसायला हवं का, वहिनी? सगळं तुमच्यासारखं?”

आणि ती हसली. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी निघताना मी पर्समध्ये निळा डबा घातला.

पाहुणे दुकान बघायला आले होते. पुढे टेबलाशी विहीणबाई बसल्या होत्या, शांत, जाड भिंगांचा चष्मा. जावई आणि मुलगी शेजारी डोनट आणायला गेली. वन्सं नवी साडी नेसून आत-बाहेर करत होती. बाराला मी कढई ठेवली, तूप तापलं, खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि अलगद सोडला. क्षणभर तो राहिला. मग कडेपासून सुटत गेला आणि कढईभर तपकिरी फेस झाला.

वन्सं म्हणाली, तूप जास्त तापलंय. आच कमी केली. दुसरा सोडला, तोही गेला. तिसरा तिने माझ्या हातून घेऊन स्वतः थापला. पिठात दूध कमी पडलं म्हणून दूध घातलं. मग जास्त झालं म्हणून पीठ घातलं. पाचव्याला कढईतलं तूप काळं पडलं आणि करपल्या गुळाचा वास बाहेर गेला. विहीणबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आत न येता.

“हसले वाटतं,” त्या म्हणाल्या. तेवढंच. आणि परत जाऊन बसल्या.

वन्संचे कान लाल झालेले मी पाहिले. इतकी वर्षं मी तिचा चेहरा इतक्या निवांत कधी पाहिला नव्हता. तिने मला फ्रीजच्या आड ओढलं. हळू आवाजात म्हणाली, वहिनी, काहीतरी करा. आता काय करायचं?

मी म्हटलं, “मी जरा बसते.”

तिला वाटलं मला चक्कर येते आहे. मी बाहेर गेले, टेबलाजवळची एक खुर्ची उचलली, आत आणून बरोबर त्या काळ्या गोळ्याखाली ठेवली आणि बसले. पाठ टेकली. पाय दह्याच्या बादलीवर घेतले. निळा डबा उघडला आणि सगळ्यात वर ठेवलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिने ती वाचली. तारीख चिठ्ठीवर नव्हती, पण तिला कळलं. तिला कळलं हे मला कळलं, कारण ती एकदम दाराकडे बघायला लागली, विहीणबाई ऐकत नाहीत ना म्हणून.

“वहिनी, चारला लोक यायचेत.”

“माझ्याकडे मुरलेलं पीठ आहे घरी. सगळ्यांना पुरेल.”

“मग उठा ना.”

“पंचावन्न मिनिटं.”

भिंतीवर घड्याळ आहे. एक वाजायला पंचवीस मिनिटं होती. मी घाबरले होते का? होते. हात पदराखाली घेतले. जन्मात मी कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं. पण उठायला पायच तयार नव्हते. वन्सं आधी गोड बोलली. मग म्हणाली, आईच्या जागी मानलं तुम्हाला. मग म्हणाली, कुणी आणलं इथे? मग माझ्यासमोर उभी राहिली. उभीच. मी डोळे मिटले. तुपाच्या करपट वासात, बायकोला काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याच्या पावलांच्या आवाजात, मी डोळे मिटून बसले. खरं सांगते, थोडी झोप लागली.

वन्संने माझ्या नवऱ्याला सांगितलं, दादा, तूच समजाव. मला वाटलं आता तो म्हणेल, जाऊ दे, उठ. तो डबा उचलून चिठ्ठ्या बघत राहिला. त्यातल्या बहुतेक त्याने पाहिल्या नव्हत्या, मी दाखवणं कधीच सोडलं होतं. आईच्या वेळची तर पाहिलीच नव्हती. मग बहिणीला म्हणाला, “पंचावन्न होऊ दे. मग मी जाऊन पिठाचे डबे आणतो.” आणि तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

दीड वाजता मी उठले. उठायच्या आधी माझी अट सांगितली. सगळ्या चिठ्ठ्यांचे पैसे परत. वन्सं म्हणाली, हो हो, आत्ता देते, किती होतात ते सांगा. तिला वाटलं पैसे टाकले की सुटली. मी म्हटलं, एकदम नको. आईच्या चिठ्ठीचे आत्ता द्या. बाकीचे जसे कापले तसेच, दर शुक्रवारी दहा चिठ्ठ्यांचे, आणि पाकिटात तुमच्या हातची चिठ्ठी हवी. ‘बसल्याचे परत.’ मिनिटं लिहून.

तिने गल्ल्यातून पैसे काढले. माझ्या हातात दिले नाहीत, ओट्यावर ठेवले. मी ते तिथेच राहू दिले. मग ते उचलून तिला माझ्या हातात द्यावे लागले.

अनारसे सुरेख झाले. एकही हसला नाही. जाळी अशी पडली की विहीणबाईंनी एक उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाल्या, हे पीठ घाईचं नाही. वन्सं म्हणाली, आमच्या वहिनींचा हातच तसा आहे. चारला पाच घरची माणसं येऊन आपापली वाणं घेऊन गेली. वन्संचं नाक राहिलं. ते मला राखायचंच होतं. नाक कापलं असतं तर मला पैसे कुणी दिले असते, आणि दर शुक्रवारी ती चिठ्ठी लिहायला कोण बसलं असतं?

त्यानंतर मी दुपारी एकला घरी यायला लागले. संध्याकाळच्या पोळ्यांना तिने दुसरी बाई ठेवली. पगार कमी झाला, पण पायांची सूज उतरली. डॉक्टर काकू म्हणाल्या, झोपेने तुझा चेहरा बदलला बघ. मी त्यांना कसं सांगू की नुसत्या झोपेने नाही.

दर शुक्रवारी पाकीट आलं. मोत्यासारखं अक्षर हळूहळू बिघडत गेलं. पहिल्या काही चिठ्ठ्यांवर ‘बसल्याचे परत’ नीट लिहिलेलं होतं, मग नुसतं ‘परत’, तर मी पाकीट तसंच तिच्या टेबलावर ठेवून आले. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण लिहून आलं. नवरा म्हणाला, आता पुरे कर. मी म्हटलं, तिला तर पुरे कधी झालं नव्हतं.

श्रावणात एकदा एकच्या सुमाराला मी पोळपाट धुऊन निघाले होते. ती खुर्ची मी तिथून हलवू दिली नव्हती. वन्संला वाटलं मी गेले. ती त्या खुर्चीवर बसली, फोन हातात, आणि बघता बघता तिची मान कलली. तोंड किंचित उघडं. झोपेत ती लहान दिसत होती, लग्न होऊन मी घरी आले तेव्हा दिसायची तेवढी. पाचवीतली. मी हिची वेणी घालायची. मी उभी राहिले. वाटलं, पायांखाली बादली सरकवावी.

मग मी घड्याळाकडे पाहिलं आणि दाराआड थांबले. तिला जाग आली तेव्हा टेबलावर पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता, त्यातला एक माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलेला, तिच्या चष्म्याखाली ठेवलेला. ‘बसने, २५ मिनीटे.’ शुद्धलेखन चुकलं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.  तो कागद तिने फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं होतं की मला यापेक्षा जास्त आनंद होईल. झाला तेवढा पुरेसा होता.

निळा डबा रिकामा होत गेला. दर शुक्रवारी दहा चिठ्ठ्या तिच्या समोर मोजून परत द्यायच्या, पैसे घ्यायचे. नवरात्रातल्या शुक्रवारी डब्यात सहाच उरल्या होत्या. मी त्या ओट्यावर ठेवल्या. वन्संने पाकीट दिलं. मी खुर्चीवर बसून, तिच्या देखत, सावकाश मोजले. ती उभी होती. पैसे पूर्ण होते.